तिथीची पाऊणपट

‘हा म्हातारा खरा आहे का?’ माझ्या लेखावरची कॉमेंट अशी सुरू होत होती. इंग्रजीत होती, सभ्य होती, शेवटी ‘कृपया राग मानू नये’ हेही होतं. आणि म्हातारा, म्हणजे माझे बाबा, माझ्यापासून दोन हातांवर पलंगाच्या कडेला बसून चहात टोस्ट बुडवत होता. भिजलेला तुकडा तुटून कपात पडला तसं त्याने घाबरून माझ्याकडे बघितलं. मी चमच्याने तुकडा काढून दिला नि परत लॅपटॉपकडे वळलो. खरा आहे का म्हणे! च्यायला, ये ना भाईंदरच्या गोडदेवला, दुसऱ्या मजल्यावर ये, सकाळी त्याची लुंगी बदल, दाढी कर, मग सांग मला खरा आहे का ते. हे मी लिहिलं नाही. मनात लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. राग खरा होता, पण रागाच्या खाली भीती होती, कारण त्या परक्या माणसाने नेमकं त्याच परिच्छेदावर बोट ठेवलं होतं जो मी लिहिला नव्हता. बाबांनी सांगितलाही नव्हता.

मी सोळा वर्षं मालाडच्या एका कंपनीत नोकरी केली. काम एकच, सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते साध्या भाषेत लिहायचं. गेल्या दिवाळीनंतर त्यांनी मला खोलीत बोलावलं, पाणी दिलं, आणि सांगितलं की हे लिखाण आता एआय करतं. पाणी का दिलं ते मला अजून कळलेलं नाही. त्यानंतर घरी बसलो. नीलम, माझी बायको, सकाळी सातला डबा घेऊन विम्याच्या ऑफिसात जाते आणि मी बाबांजवळ असतो. तसं बघितलं तर सोय झाली, असं नातेवाईक म्हणतात. रिकामा माणूस नि फुटका माठ सारखाच, कुठे ठेवावा कळत नाही. म्हणून मी भरतीच्या सॉफ्टवेअरचं काम धरलं. जगातल्या कुठल्याही किनाऱ्यावर भरती कधी येईल ते सांगणारं एक सॉफ्टवेअर आहे, कुणाच्या मालकीचं नाही, दहा देशांतली माणसं फावल्या वेळात ते फुकट बनवतात, आणि कुणालाही त्यातली प्रत्येक ओळ बघता येते. मला कोड जमत नाही. पण त्यांचा ब्लॉग होता आणि ब्लॉगला लिहिणारे नव्हते. लेख पाठवायचा, दोघंतिघं तो ओळीन् ओळ तपासतात, कॉमेंटी करतात, तुम्ही सुधारता, मग तो लागतो. नीलम म्हणायची, "म्हणजे ऑफिसच झालं की, फक्त पगार नाही." खोटं नव्हतं. पण खरं सांगायचं तर मला त्या कॉमेंटी हव्या होत्या. कुणीतरी माझं वाक्य वाचतंय, त्यात खोट काढतंय, हे मला वर्षभरात प्रथमच मिळत होतं.

पहिले तीन लेख कोरडे होते. नवीन बटण कुठे आलंय, नकाशा कसा मोठा करायचा, असले. चौथ्याच्या वेळी ब्लॉग सांभाळणारी मृणालिनी, नाशिकची आहे, तिने लिहिलं की तुमच्या भागात खाडी आहे ना, सॉफ्टवेअर बंदराची वेळ देतं पण खाडीत आत पाणी उशिरा चढतं, त्यावर लिहा. आणि मी हसलो, कारण हे काम बाबांचंच होतं. बाबा तीस वर्षं मिठागरावर पाणी बघायचे. बांधाला लाकडी दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. भरतीचं पाणी चढलं की ती उघडायची, पाणी आत घ्यायचं, सुकती म्हणजे ओहोटी लागायच्या आत बंद करायची. चुकलं तर आगर कोरडं राहतं, नाहीतर बांध फुटतो. बाबांच्या हातात घड्याळ नव्हतं. तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ येते, असा त्यांचा हिशोब. पंचमी असेल तर पाच पाऊण पावणेचार, म्हणून बाहेर समुद्रावर पावणेचारला पूर्ण भरती. आणि आमच्या उघाडीवर अजून अर्धा तास. "खारीला घाई नसते," असं म्हणायचे, खारी म्हणजे खाडी. मी लहान असताना त्यांनी हे माझ्यासमोर हजारदा केलं असेल. मी एकदाही विचारलं नाही की तुला कुणी शिकवलं. मला लाज वाटायची त्यांची, हे आज लिहायला काय हरकत आहे. भाईंदरच्या शाळेत मास्तरांनी वडलांचं काम विचारलं की मी ‘शेती’ सांगायचो. शेती होतीच थोडी. तिच्यावर आता आमची बिल्डिंग उभी आहे आणि मिठागराच्या बांधावरून गाड्या जातात.

लेख मी दोन दिवसांत लिहिला. मृणालिनीने कॉमेंट केली, छान आहे, पण माणूस दिसत नाही, वडिलांना हे कुणी शिकवलं ते घाला ना, लोक तेच वाचतात. झालं. मी पलंगाशी खुर्ची ओढली. बाबांना विसरायचा आजार लागून तेव्हा दीड वर्ष झालं होतं. नावं गेली होती, वार गेले होते, माझी आई वारल्याचं गेलं होतं. आकडे मात्र होते. आजाराबरोबरच एक खोड लागली होती, हाताशी टॉवेल आला की त्याचं एक टोक कमरेत खोवायचं आणि दुसरं पलंगाच्या दांड्याला गच्च बांधायचं. उठायला गेले की तोल जायचा. आम्ही दिवसातून चारदा गाठ सोडायचो, नीलम चिडायची. "बाबा, पडाल ना! कशाला बांधता?" बाबा चोरी पकडल्यासारखं बघायचे. डॉक्टर म्हणाले, या आजारात असं होतं, काहीतरी सारखं करत राहतात. मी त्या दिवशी गाठ सोडता सोडता विचारलं, "बाबा, भरतीचं गणित कुणी शिकवलं तुला?" ते पंख्याकडे बघत राहिले. परत विचारलं. मोठ्याने विचारलं. शेवटी ओरडलो. ते म्हणाले, "पंखा धीमा कर." शुक्रवारी लेख द्यायचा होता. माझे आजोबा लवकर गेले एवढं मला ठाऊक होतं, घरात त्यांचा फोटो नाही. लवकर म्हणजे किती लवकर, हे सत्तेचाळीस वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. बाप मुलाला शिकवतो, अजून कोण शिकवणार? आणि ज्या एआयने माझी नोकरी घेतली त्यालाच मी सांगितलं, मिठागरातला एक माणूस आपल्या वडलांकडून भरती ओळखायला शिकतो, चार ओळी दे. पाच सेकंदांत दिल्या. वडील मुलाचा हात उघाडीच्या फळीवर ठेवतात, डोळे मिटायला सांगतात, आणि म्हणतात, पाणी डोळ्यांनी नाही, कानांनी नाही, हाताने ओळख. सोळा वर्षांत मी एवढं बरं वाक्य लिहिलं नव्हतं. मत्सर वाटला. मग मी ते उचललं, आणि लेख पाठवताना खाली जो चौकोन असतो, ‘यातला सगळा मजकूर मी स्वतः लिहिला आहे’, त्यात खूण केली.

पुढचं जे झालं ते मी मुद्दाम केलं नाही. लेखातले आकडे बरोबर आहेत ना, हे बघायला मी तो बाबांना वाचून दाखवला. इंग्रजीतून मराठीत, मराठीतून आमच्या घरच्या बोलीत. ऐकताना त्यांचा चेहरा हलला. कपाळाची आठी गेली. "परत वाच," म्हणाले. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता, अंघोळ, चहा झाल्यावर, स्वतःहून म्हणाले, "वाच." दीड वर्षात त्यांनी माझ्याकडे पाणी नि पंखा सोडून काही मागितलं नव्हतं. मी वाचलं. तिसऱ्या दिवशी परत. महिनाभर रोज अकराला मी तो लेख वाचायचो, आणि बांधावरची पाण्याची वेळ चुकली असेल तर ते "न्हाय, असा न्हाय" म्हणून थांबवायचे, मी पेनाने दुरुस्ती करायचो. माझे असे दोन तपासनीस झाले, एक नाशिकला, एक पलंगावर. खरं सांगतो, बाबांच्या नि माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला महिना होता. आम्ही भांडलो नाही. हाताचा परिच्छेद आला की मात्र ते काही दुरुस्त करायचे नाहीत. डोळे मिटून घ्यायचे. मला वाटायचं, झोप आली.

आणि मग ती कॉमेंट. ‘हा म्हातारा खरा आहे का? हा परिच्छेद एआयने लिहिल्यासारखा वाटतो. आधार मिळेल का?’ दुपारी मृणालिनीचा फोन आला. आम्ही कधी भेटलेलो नाही, पण तिचा आवाज कळवळ्याचा आहे. "केतन, तुम्ही मनाला लावून घेऊ नका हं. हल्ली सगळे सगळ्यांवर संशय घेतात. तुम्ही असं करा ना, बाबांचा छोटासा व्हिडिओ घ्या. त्यांच्या तोंडून आलं की विषयच मिटला. आणि आपण त्यांचं नाव देऊ लेखावर, तुमच्या आधी." मी म्हटलं, त्यांना आठवत नाही हो फार. ती म्हणाली, "जेवढं आठवेल तेवढं." मी ‘हो’ म्हणालो. तेव्हाच सांगायला हवं होतं, परिच्छेद काढून टाका म्हणून. एक ओळ. पण मग ते म्हणाले असते, बाकीचं तरी तुझं कशावरून? आणि बाबांचा हिशोब, जो शंभर टक्के त्यांचा होता, तोही त्याच्याबरोबर गेला असता. असं मी स्वतःला समजावलं. ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी सवय जुनी आहे.

षष्ठीचा दिवस मी ठरवून निवडला. सहाची पाऊणपट साडेचार, अर्धा तास खाडीचा, म्हणजे पाच. रिक्षावाल्याला म्हटलं, "भैया, जेसल पार्क, खाडी के पास, और धीरे चलाना, बाबा को चक्कर आता है." खाडीच्या कट्ट्यावर पोरंटोरं, भेळवाले, जिममधून आलेल्या बायका. मी बाबांना रेलिंगपाशी उभं केलं, मागून खांदा धरला. पाणी गढूळ होतं, प्लास्टिकच्या पिशव्या खाडीत आत हळूहळू सरकत होत्या. मी मोबाईल चालू केला. "बाबा, आज षष्ठी. भरती कधी?" ते एक क्षणही थांबले नाहीत. "सा पाऊन सारेचार. भायेर. आपल्याकरं पाच." मला एवढा आनंद झाला की मी मोठ्याने हसलो. घड्याळात चार पन्नास झाले होते. आम्ही उभे राहिलो. पाचला दोन मिनिटं असताना पिशव्या थबकल्या, जागच्या जागी फिरू लागल्या. बाबा म्हणाले, "भरली." आजूबाजूला कुणाला काही कळलं नाही. सेल्फी काढणाऱ्या मुलीने आम्हांला "अंकल, थोडा साइड" म्हटलं. मला वाटलं, इथेच थांबावं. मोबाईल खिशात घालावा आणि याला भेळ खायला घालावी. पण मृणालिनीला तो दुसरा प्रश्न हवा होता. म्हणून मी विचारलं, "बाबा, हे कुणी शिकवलं तुला?"

बाबांनी तळहात रेलिंगवर ठेवला, डोळे मिटले, आणि म्हणाले, "माझा बापूस मना उघारीवं न्यायचा. माझा हात फलीवं ठेवायचा. सांगायचा, डोलं मिट. पानी डोल्यानी नको, कानानी नको, हातानी वलख." त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "बापसाचा हात लय मोठा व्हता," असंही म्हणाले, आणि हे तर लेखात नव्हतंच. हे त्यांनी स्वतःहून जोडलं. मी मोबाईल धरून उभा. अंगावर काटा आला तो कसला होता, मला आजही सांगता येणार नाही. माझ्या बापाच्या डोक्यात मी एक बाप नेऊन ठेवला होता. रोज अकरा वाजता, एक एक वीट. आता तिथे हातपाय असलेला माणूस राहत होता. किंवा, मी लगेच स्वतःला म्हटलं, किंवा कदाचित खरंच असं झालं असेल, कुणास ठाऊक, एआयने अंधारात मारलेला दगड बरोबर लागला असेल. मला तसं वाटायला हवं होतं, म्हणून वाटलं. घरी येऊन मी व्हिडिओ पाठवून दिला.

चार दिवसांत लेख लागला. वर नाव, बाबुराव, आणि खाली माझं. संशय घेणाऱ्या माणसाने जाहीर माफी मागितली. परदेशातल्या कुणी लिहिलं की तळहात रेलिंगवर ठेवलेला बघून मला माझे वडील आठवले. सॉफ्टवेअरमध्ये खाडीसाठी अर्ध्या तासाची सोय झाली, म्हणजे बाबांचा अर्धा तास आता कुठल्या कुठल्या खाड्यांना लागणार. मृणालिनीने विचारलं, ब्लॉग सांभाळायला घ्याल का माझ्याबरोबर? नीलमने ऑफिसात सगळ्यांना व्हिडिओ दाखवला आणि येताना जिलेबी आणली. "बाबा, तुमचं नाव आलं," ती म्हणाली. बाबांनी विचारलं, "बापसाचा आला क?" ती म्हणाली, "हो हो, त्यांचंही आलं." ते तिच्याकडे बघून हसले. मी जिलेबी खाल्ली. गोड लागली नाही असं म्हणालो तर खोटं होईल, चांगली लागली.

पुढच्या रविवारी, नीलम बाहेर गेली असताना, काशीगावहून चांदणीआत्या आली. बाबांची थोरली बहीण, पंच्याऐंशीची, गुडघे गेलेत पण जीभ शाबूत आहे. जिना चढताना बिल्डरला शिव्या घालत आली. मी कौतुकाने तिला मोबाईल दाखवला. तिने नाकाला लावून बघितला. भरती सांगितली तेव्हा "शाब्बास रे बाबू" म्हणाली. मग तो दुसरा भाग आला, आणि ती आधी हसली, मग हसायची थांबली. "ह्यो काय बोलतंय?" तिने मला विचारलं. "बापूस? अरं केतन, बाबू दोन वर्सांचा व्हता तवा आमचा बापूस गेला. तापानी. चार दिसांत गेला. बाबूला त्याचा तोंड पन म्हाईत न्हाय." मी म्हटलं, मग कुणी शिकवलं? मला उत्तर नको होतं. आत्या म्हणाली, "आयनी. अजून कोन? सावित्रीनी. ती मीठ व्हायची डोक्यावं. कुनी तिला पानी बघाया ठेवली नव्हती, ती आपली बघायची. बोटांवं तिथी मोजायची. पोराला घरी कोन बघनार, मंग संगती न्यायची. पान्यात परू नये म्हनून उघारीच्या खांबाला बांधून ठेवायची, लुगऱ्याचा फरका फारून, एक टोक ह्याच्या कमरंला, एक खांबाला. दीसभर. ह्यो तिथून ओरडायचा, आये, पानी आला क? ती भरला घमेला डोक्यावं घेऊन थांबायची, बोटं मोजायची, सांगायची, आजून न्हाय रं बाबू. तसाच शिकला त्यो. मी बघलाय ना डोल्यानी."

मी पलंगाकडे बघितलं. टॉवेलचं एक टोक बाबांच्या कमरेत होतं. दुसरं दांड्याला. दीड वर्ष आम्ही ती गाठ सोडत होतो. दिवसातून चारदा. मी ओरडून विचारत होतो कुणी शिकवलं, आणि तो माणूस ज्या भाषेत येत होतं त्या भाषेत सांगत होता, आणि मी गाठ सोडता सोडताच विचारत होतो. आत्याचं तिकडे लक्ष नव्हतं. ती पलंगाशी सरकली, भावाचा गाल कुरवाळला. "बाबू, आय आठवते क रं? सावित्री? लाल लुगरा?" बाबांनी मान हलवली. "बापसानी शिकवला," ते म्हणाले. "न्हाय रं. आयनी." "न्हाय! बापसानी! हात धरून!" त्यांचा आवाज चढला. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "त्याला म्हाईत हाय. केतन, वाच तिला." माझं नाव त्यांनी कित्येक महिन्यांत घेतलं नव्हतं. मी काय करायला हवं होतं? मी लॅपटॉप उघडला आणि वाचलं. आत्यासमोर, सावित्रीच्या मुलीसमोर. हाताचा परिच्छेद आला तसे बाबांनी डोळे मिटले आणि शांत झाले. आत्या भिंतीला टेकून ऐकत होती. संपल्यावर तिने भावाच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघितलं. मग म्हणाली, "बरं हाय. त्याला बापूस नव्हता, तो भेटला." पदराने तोंड पुसलं. "पर माझ्या आयचा काय?" आणि चहा घेते म्हणून स्वयंपाकघरात गेली.

सोमवारी सकाळी मी दुरुस्ती पाठवली. दुरुस्ती पाठवली की जुनी ओळ लाल दिसते, नवी हिरवी. वडिलांच्या चार ओळी लाल झाल्या. खाली हिरव्यात मी लिहिलं: हे गणित बाबुराव यांना त्यांची आई सावित्री हिने शिकवलं. ती मिठागरावर मीठ वाहायची. मुलाला तिने उघाडीच्या खांबाला बांधून ठेवलं होतं, तो पाणी आलं का विचारायचा, ती बोटांवर मोजून सांगायची. एवढंच. मला अलंकार सुचले नाहीत, सुचले असते तर मी ते घातले नसते. खाली कारण लिहावं लागतं. कारण लिहिलं: आधीचा परिच्छेद एआयचा होता, मी तो माझा म्हणून दिला, आणि रोज वाचून वडिलांना पाठ करवला. शेवटचं वाक्य तीनदा खोडलं. मग ठेवलं. मृणालिनीने ‘धन्यवाद’ लिहून दुरुस्ती मंजूर केली आणि तासाभराने तिचा फोन आला. कळवळा नव्हता. "केतन, तुम्ही त्या दिवशी फोनवर का नाही सांगितलंत?" मी म्हटलं, भीती वाटली. "मी सगळ्यांशी भांडले तुमच्यासाठी," ती म्हणाली. "नियम मीच लिहिलाय. मला तुमचे चारही लेख काढावे लागतील." मी विचारलं, दुरुस्ती केलेलाही? "केतन, आता त्यातलं खरं काय नि खोटं काय, मी कशी सांगू? तुम्ही तरी सांगू शकता का?" मी म्हटलं, आत्या सांगू शकते. "सॉरी," ती म्हणाली, आणि मला वाटतं तिला खरंच वाईट वाटलं. दुपारी तीनपर्यंत सगळा लेख लाल झाला. बाबांचं नाव, षष्ठी, अर्धा तास, खाडीला घाई नसते, सगळं. जुन्या नोंदी कायम राहतात, खणत गेलं तर कुणालाही सापडतील. पण कोण खणतो! सावित्री त्या ब्लॉगवर जेमतेम चार तास होती. तेवढ्यात कुणी वाचलं असेल तर असेल.

नीलमला संध्याकाळी सगळं सांगितलं, आत्याचंही. ती बूट काढता काढता थांबली. मला वाटलं, आता भडकणार. ती म्हणाली, "आणि मी रोज ती गाठ सोडत होते," आणि आत जाऊन तोंड धुऊन आली.

मंगळवारी अकरा वाजता बाबांची अंघोळ झाली, चहा झाला. "वाच," ते म्हणाले. मी रात्रभर ठरवलं होतं. लॅपटॉप न उघडता, त्यांचा हात हातात घेऊन, मी सांगायला सुरुवात केली, आमच्या बोलीत, आत्यासारखी. "तुझी आय मीठ व्हायची. तुला संगती न्यायची. उघारीच्या खांबाला..." त्यांनी हात सोडवून घेतला. "ह्यो कोनाचा?" "तुझाच आहे, बाबा." "न्हाय. ह्यो न्हाय. बापसाचा वाच." मी म्हटलं, "बाबा, आय होती ती. सावित्री." ते माझ्याकडे परक्यासारखे बघायला लागले, आणि त्यांची हनुवटी थरथरायला लागली, लहान मुलाची रडायच्या आधी थरथरते तशी. मला बाबा नि सावित्री यांतलं एक निवडायचं होतं आणि त्यातली एक मेलेली होती. ब्लॉगवरचं पान आता उघडत नाही. पण मला त्याची गरज नव्हती, ते मलाही पाठ झालं होतं. मी म्हणायला लागलो, माझा बापूस मना उघारीवं न्यायचा. बाबांनी डोळे मिटले. चेहरा निवला. माझा हात फलीवं ठेवायचा, मी म्हणत होतो, आणि त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. ओठ हलत असतानाच त्यांचा हात उशीपाशी गेला, चाचपडत टॉवेल शोधला, एक टोक कमरेत खोवलं, दुसरं पलंगाच्या दांड्याला गुंडाळलं आणि गच्च गाठ मारली. गाठ ओढून बघितली. मी म्हणायचा थांबलो नाही. गाठ सैल होती तिथे मी वाकून जरा आवळून दिली.